एलएल.एम.चा लघुप्रबंध: विषय ठरण्यापासून तोंडी परीक्षेपर्यंत

साताऱ्याच्या इस्माईलसाहेब मुल्ला विधी महाविद्यालयातून किंवा सांगलीच्या सोटी विधी महाविद्यालयातून एलएल.बी. करून पुढे एलएल.एम.ला आलेल्या विद्यार्थ्याला लेखनाची सवय असते ती तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेची. शंभर-सव्वाशे पानांचे, एकाच प्रश्नाभोवती फिरणारे आणि दुसऱ्या कोणाच्या देखरेखीखाली लिहायचे लेखन त्याच्या वाट्याला प्रथमच येते. त्यातही अनेक जण सकाळी सीनियरच्या ऑफिसात, दुपारी कोर्टात आणि संध्याकाळी अभ्यासाला बसतात. अशा विद्यार्थ्याला डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. उदाहरण म्हणून सगळीकडे एकच विषय घेतला आहे, तो म्हणजे उसाचे पैसे वेळेवर न मिळाल्यास शेतकऱ्याला मिळणारे व्याज. वाळवा, पलूस, कराड, कोरेगाव या भागांत हा विषय कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

विषय नव्हे, प्रश्न

‘ऊस उत्पादक शेतकऱ्यांचे कायदेशीर हक्क: एक चिकित्सक अभ्यास’ असे शीर्षक घेऊन विद्यार्थी पहिल्यांदा विभागात येतो. या शीर्षकाखाली जमीनधारणा, पीककर्ज, सहकार, पाणीपट्टी, हमीभाव असे सगळेच मावते, आणि म्हणूनच त्यातून काहीही सिद्ध करता येत नाही. ‘चिकित्सक अभ्यास’ हे दोन शब्द शीर्षकात आले की चिकित्सा झाली, असा एक समज विधी विभागांत पसरलेला आहे. तो सोडून द्यावा.

प्रश्न सापडतो तो तरतुदीचे मूळ शब्द सावकाश वाचल्याने. अत्यावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ खाली काढलेल्या ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ मधील खंड ३(३) घ्या. ऊस कारखान्याला दिल्याच्या तारखेपासून चौदा दिवसांच्या आत पैसे दिले पाहिजेत, असे तो सांगतो. खंड ३(३ए) प्रमाणे त्यापुढील विलंबावर द.सा.द.शे. १५ टक्के व्याज द्यावे लागते. वर्तमानपत्रांतल्या बातम्या इथेच थांबतात. पण खंड ३(३) मध्ये आणखी एक लहानसे वाक्यांश आहे: पक्षकारांमध्ये याविरुद्ध लेखी करार नसेल तर. उसाची नोंद करताना शेतकरी ज्या छापील फॉर्मवर सही करतो, तो असा ‘लेखी करार’ ठरतो का? ठरत असेल, तर चौदा दिवसांची मुदत कोणासाठी उरते? आणि खंड ३(३ए) मध्ये या अपवादाचा पुन्हा उल्लेख नसताना तो अपवाद व्याजालाही लागू करायचा का? एका वाक्यांशातून तीन प्रश्न निघाले, आणि त्यांपैकी पहिला एकटाच लघुप्रबंधाला पुरेल.

प्रश्न ठरवताना दोन कसोट्या लावाव्यात. पहिली, त्याचे उत्तर ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘अमुक परिस्थितीत हो’ असे देता आले पाहिजे. दुसरी, ते उत्तर तपासण्यासाठी लागणारे कागद तुमच्या आवाक्यात असले पाहिजेत. ज्याला आठवड्यातून एकच दिवस मोकळा मिळतो, त्याने सांगली आणि उत्तर प्रदेशची तुलना करण्याच्या भानगडीत पडू नये.

फौजदारी विषय घेणाऱ्यांसाठी इथेच एक सूचना. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम अमलात आले आहेत. अभ्यास जुन्या कलमाखालच्या खटल्यांचा की नव्या, हे सिनॉप्सिसमध्येच, म्हणजे मंजुरीसाठी द्यायच्या आराखड्यातच, स्पष्ट करावे. भारतीय दंड संहितेचे कलम ४९८अ आता न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ मध्ये आले आहे, एवढे सांगून काम भागत नाही. तुमचे निवाडे कोणत्या कलमाखालचे आहेत, हे प्रत्येक ठिकाणी दिसले पाहिजे.

सिनॉप्सिस

सिनॉप्सिस म्हणजे विभागाला दिलेला लेखी शब्द, आणि मंजूर झालेले शीर्षक शेवटच्या मुखपृष्ठावर अक्षरन् अक्षर तेच लागते. ‘सांगली जिल्ह्याच्या संदर्भात’ हे शब्द मंजुरीत असतील आणि छापताना गळाले, तर बाइंडिंग झालेल्या प्रती परत येतात. त्यामुळे शीर्षक लांबले तरी चालेल, पण अभ्यासाची हद्द त्यात असावी.

गृहीतक एकच ठेवावे, फार तर दोन. ‘कायद्याची अंमलबजावणी प्रभावीपणे होत नाही’ हे वाक्य कोणत्याही कायद्याला चिकटवता येते, म्हणून ते गृहीतक नव्हे. ‘थकीत ऊसदराच्या वसुलीची कारवाई मूळ रकमेपुरती होते आणि खंड ३(३ए) खालील व्याज तिच्यात धरले जात नाही’ हे गृहीतक आहे, कारण वसुलीचे कागद पाहून ते खरे की खोटे हे ठरवता येते. खोटे निघाले तरी प्रबंध वाया जात नाही. उलट तो निष्कर्ष जास्त मोलाचा असू शकतो.

प्रकरणांची यादी करताना ‘ऐतिहासिक पार्श्वभूमी’ या प्रकरणाला आवर घालावा. वेदकाळ, मनुस्मृती, मोगल, पेशवाई, ब्रिटिश अशी चाळीस पाने लिहून झाली की विद्यार्थ्याला बरेच काम झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात १९६६ चा आदेश का आला आणि २००९ मध्ये एसएमपीच्या (वैधानिक किमान दराच्या) जागी एफआरपी (रास्त व किफायतशीर दर) कशी आली, एवढा इतिहास दहा पानांत मावतो आणि तेवढाच कामाचा असतो.

मार्गदर्शकासोबत काम

मार्गदर्शक निवडण्याची मोकळीक असेल, तर नावापेक्षा विषय पाहावा. आपल्या प्रश्नाच्या जवळपास कोण शिकवते आणि ती व्यक्ती मसुदे वाचून परत देते की नाही, हे मागच्या तुकडीच्या विद्यार्थ्यांना विचारावे. पहिल्या भेटीला ‘सर, एखादा विषय सुचवा’ म्हणत रिकाम्या हाताने जाणे ही सर्वांत महागात पडणारी सवय आहे. सुचवलेला विषय आपला होत नाही, आणि पुढे अडचण आली की तो सरांचाच राहतो. एका पानावर प्रश्न, संबंधित तरतूद, वाचलेले दोन-तीन निवाडे आणि कागदपत्रे कुठून मिळतील याचा अंदाज लिहून न्यावा.

मार्गदर्शकाची खरी मदत लिहिलेल्या पानांवर होते. तोंडी चर्चेत सगळेच पटते. विभागात तासिका, परीक्षेचे काम, मूल्यांकन समित्या हे सगळे चालू असते, तेव्हा पन्नास पानांचा मसुदा ‘पाहा’ म्हणून पाठवला तर तो पडून राहतो, आणि यात दोष मार्गदर्शकाचाच असतो असे नाही. कुठे पाहायचे ते सांगितले तर वाचन लवकर होते. संदेश साधारण असा असावा:

‘मॅडम, नमस्कार. प्रकरण दोनचा मसुदा सोबत जोडला आहे. “लेखी करार” या अपवादाचा अर्थ पृष्ठ ९ ते १३ वर मांडला आहे. तेथील युक्तिवाद टिकतो का, एवढे प्रथम पाहावे, ही विनंती. तळटीपा अजून अपूर्ण आहेत. त्या पुढच्या मसुद्यात येतील. गुरुवारी दुपारी विभागात भेटायला येऊ का?’

भेट झाल्यावर त्याच दिवशी चार ओळींचा ईमेल पाठवावा: काय ठरले, काय बदलायचे, पुढचा मसुदा कधी द्यायचा. यामुळे तीन महिन्यांनी ‘मी असे म्हणालोच नव्हतो’ हा प्रसंग दोन्ही बाजूंना टळतो. मसुद्याच्या फाइलच्या नावात तारीख घालावी. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल सरांनी पाहिलेली’ अशा नावांनी शेवटच्या आठवड्यात घोळ होतो.

मतभेद झाला तर? कायद्याच्या अर्थाबद्दलचा मतभेद प्रबंधात जागा मिळवण्याइतका महत्त्वाचा असतो. मार्गदर्शकांचे म्हणणे ‘असाही अर्थ लावता येतो’ म्हणून पूर्ण ताकदीने मांडावे आणि मग आपला अर्थ का सरस, ते निवाड्यांच्या आधारे सांगावे. बहुतेक मार्गदर्शकांना हे आवडते. आराखडा, फॉन्ट, प्रकरणांचा क्रम यांवर मात्र वाद घालू नये.

कायद्याचे साहित्य गोळा करणे

क्रम असा ठेवावा: आधी कायद्याचा मूळ पाठ आणि त्यातील दुरुस्त्या, मग निवाडे, मग लेख, आणि पाठ्यपुस्तक सर्वांत शेवटी. पाठ्यपुस्तकापासून सुरुवात केली की दुसऱ्याने निवडलेल्या निवाड्यांच्या पलीकडे आपण जात नाही.

निवाड्यांसाठी एससीसी ऑनलाइन, मनुपात्र हे सशुल्क डेटाबेस महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मिळतात का, ते आधी विचारावे. कोल्हापूरला जाणे होत असेल तर शिवाजी विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात जुने प्रबंध चाळावेत. निकृष्ट प्रबंधही चाळावेत. काय करू नये ते त्यांतून लवकर कळते. घरबसल्या इंडियन कानून आणि सर्वोच्च न्यायालयाचा ई-एससीआर हे विनाशुल्क उपलब्ध आहेत. पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगावर असतात. जिल्हा न्यायालयातील खटले ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर कायद्याच्या नावानेही शोधता येतात, हे बऱ्याच विद्यार्थ्यांना ठाऊक नसते. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झाले असून सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. म्हणून अलीकडचे आदेश शोधताना कोल्हापूरही पाहावे.

प्रत्येक निवाड्याचे एक टिपण करावे: पीठ किती न्यायमूर्तींचे, तारीख, कोणती तरतूद, नेमका मुद्दा, न्यायालयाने त्यावर दिलेले उत्तर आणि ते कोणत्या परिच्छेदात आहे. नंतर तो निवाडा फिरवला गेला आहे का, हे तपासून तपासल्याची तारीख टिपणावर घालावी. कायदा आपल्यासाठी थांबत नाही. एफआरपी दोन टप्प्यांत देण्यासंबंधीचा राज्याचा फेब्रुवारी २०२२ चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द ठरवला. त्या दोन तारखांच्या मधल्या काळात लिहिलेले प्रबंधाचे प्रकरण त्याच शासन निर्णयावर उभे असेल, तर ते पुन्हा लिहावे लागणार, हे उघड आहे. म्हणून सादर करण्याच्या आठवड्यात मुख्य तरतुदी आणि पाच-सहा मुख्य निवाडे पुन्हा एकदा पाहावेत.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांविषयी एकच गोष्ट सांगतो. ती अस्तित्वात नसलेले निवाडे, पक्षकारांची नावे आणि पृष्ठक्रमांकासह, अत्यंत आत्मविश्वासाने देतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयाने असे बनावट निवाडे सादर करणाऱ्या वकिलांना पाच हजार डॉलरचा दंड केला. जो निवाडा आपण स्वतः उघडून वाचलेला नाही, तो तळटीपेत घालू नये. मग तो यंत्राने सुचवलेला असो की मित्राने.

माहिती अधिकाराचा अर्ज

वसुलीचे कागद ग्रंथालयात मिळत नाहीत. त्यांच्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागतो. उत्तराची मुदत तीस दिवसांची, नंतर प्रथम अपील, त्याचे पुन्हा तीस ते पंचेचाळीस दिवस. म्हणून सिनॉप्सिस मंजूर होताच, पहिले प्रकरण लिहायला घेण्याआधी, अर्ज टाकावा.

अर्ज कोणाकडे करायचा, इथे कायद्याचा विद्यार्थी असल्याचा उपयोग होतो. सहकारी साखर कारखान्याकडे थेट अर्ज केला, तर ‘आम्ही सार्वजनिक प्राधिकरण नाही’, म्हणजे हा कायदा आम्हाला लागू नाही, असे उत्तर येण्याची शक्यता आहे. थलप्पलम सर्व्हिस को-ऑपरेटिव्ह बँक विरुद्ध केरळ राज्य या २०१३ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने सहकारी संस्था केवळ निबंधकाच्या देखरेखीखाली असल्यामुळे सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाहीत, असे म्हटले आहे. त्याच निवाड्याने दुसरे दारही उघडे ठेवले आहे: कायद्याने जी माहिती निबंधक संस्थेकडून मागवू शकतो, ती त्याच्यामार्फत मागता येते. त्यामुळे अर्ज पुण्याच्या साखर संकुलातील साखर आयुक्तालयाकडे, कोल्हापूरच्या प्रादेशिक सहसंचालकांकडे आणि प्रत्यक्ष वसुली महसूल यंत्रणा करते म्हणून सांगलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयाकडे, असे तीन स्वतंत्र करावेत.

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. शुल्क दहा रुपये, कोर्ट फी स्टँप लावूनही चालते. मजकूर असा ठेवता येईल:

‘गाळप हंगाम २०२३-२४ मधील थकीत ऊसदराबाबत सांगली जिल्ह्यातील साखर कारखान्यांविरुद्ध ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ अन्वये काढलेल्या सर्व वसुली प्रमाणपत्रांच्या प्रती, तसेच प्रत्येक प्रमाणपत्रासोबतच्या रकमेच्या हिशेबाची प्रत मिळावी.’

‘व्याज का लावले नाही?’ असे विचारू नये. माहिती अधिकारात अभिलेख मिळतो, खुलासा मिळत नाही. हिशेबाच्या प्रतीत व्याजाचा रकाना आहे की नाही, ते आपोआप दिसेल.

गावात जाऊन काम

सर्वच प्रबंधांना क्षेत्रकार्य लागत नाही. ‘लेखी करार’ या अपवादाच्या अर्थावरचा प्रबंध केवळ तरतुदी आणि निवाडे यांवर उत्तम उभा राहतो. परीक्षकांना आवडते म्हणून शेवटी जोडलेले प्रश्नावलीचे प्रकरण मूळ प्रबंधाला कमजोर करते. विशेषतः मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गूगल फॉर्म टाकून मिळवलेले प्रतिसाद आणि त्यांवरचे रंगीत पाय-चार्ट. ज्यांचा उसाशी संबंध नाही अशा लोकांची उसाच्या कायद्याबद्दलची मते हा पुरावा कशाचाच नसतो.

पैसे प्रत्यक्ष कधी मिळतात हा प्रश्न असेल, तर मात्र गावात जावेच लागेल, आणि तिथे मतांपेक्षा कागद विचारावेत. ‘तुम्हाला एफआरपी वेळेवर मिळते का?’ या प्रश्नाचे उत्तर शेतकऱ्याच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर आणि शेजारी कोण बसले आहे यावर ठरते. ‘काका, गेल्या हंगामातली काटा पावती आहे का? त्याचे पैसे पासबुकात कोणत्या तारखेला पडले, ते बघू या का?’ असे विचारले की दोन तारखा हातात येतात, आणि तुमचा सगळा अभ्यास त्या दोन तारखांमधल्या अंतराचा आहे.

इथे एक बारकावा लक्षात ठेवावा. कायद्यातले चौदा दिवस ऊस पोचल्याच्या तारखेपासून मोजायचे. कारखान्याचे बिल मात्र सहसा पंधरवड्याचे निघते. १ जानेवारीला पोचलेल्या उसाचे चौदा दिवस १५ जानेवारीला संपतात, आणि पंधरवडाही त्याच दिवशी बंद होतो. म्हणजे पंधरवड्याच्या सुरुवातीला गेलेल्या उसाची मुदत बिल तयार होईपर्यंत उलटूनही गेलेली असते. पंधरवडा संपल्याच्या तारखेपासून विलंब मोजणारा विद्यार्थी आणि काटा पावतीपासून मोजणारा विद्यार्थी यांचे निष्कर्ष वेगळे निघतील. तुम्ही कसे मोजले, ते प्रबंधात लिहावेच लागेल. दुसरे असे की बिलातून पीककर्जाचा हप्ता आधी विकास सोसायटीकडे वळता होतो. पासबुकात फक्त उरलेली रक्कम दिसते, म्हणून बिलाची पावती आणि सोसायटीचा खातेउतारा दोन्ही पाहावेत. शिवाय तोडणी-वाहतूक एफआरपीतून वजा होते. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३५५ रुपये ही एफआरपी म्हणजे हातात पडणारी रक्कम नव्हे.

हिशेबाचा एक नमुना परिशिष्टात द्यावा. समजा, देय रक्कम १,२०,००० रुपये आणि चौदा दिवसांनंतरचा विलंब ६० दिवसांचा. १५ टक्क्यांनी व्याज साधारण २,९५९ रुपये होते. एका शेतकऱ्यासाठी ही रक्कम वकील लावून भांडण्याइतकी नाही, आणि हीच गोष्ट अंमलबजावणीच्या प्रकरणात चर्चेला घ्यावी: ज्याला मागायचा अधिकार आहे, त्याला मागण्याचा खर्च परवडत नाही.

गाळपाच्या ऐन दिवसांत कोणाला वेळ नसतो. हंगाम संपल्यावर एप्रिल-मेमध्ये जावे. तोवर थकबाकीही नेमकी दिसू लागते. दोन गावे आणि तीस-चाळीस कुटुंबे पुरतात, पण ती कशी निवडली ते प्रामाणिकपणे लिहावे. ‘माझे मामा तिथे राहतात म्हणून’ हे कारण शास्त्रीय भाषेत ‘सोयीचा नमुना’ म्हणून सांगता येते. तो यादृच्छिक नमुना होता असे मात्र लिहू नये. मुलाखतीआधी मराठीत छापलेले संमतिपत्र वाचून दाखवावे, प्रबंधात नावांऐवजी क्रमांक वापरावेत, आणि खातेक्रमांक तर टिपणवहीतही उतरवू नयेत. लैंगिक गुन्ह्यांवरील अभ्यासात ही काळजी कायद्यानेच बंधनकारक आहे: पीडितेची ओळख उघड करणे न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे.

लिहायला कुठून बसायचे

प्रस्तावनेपासून सुरुवात करू नये. ज्या प्रकरणात मुख्य तरतुदीचा अर्थ लावायचा आहे, ते आधी लिहावे, मग निवाड्यांचे, मग क्षेत्रकार्याचे. प्रस्तावना आणि निष्कर्ष शेवटी, आणि तेही एकाच आठवड्यात, म्हणजे प्रस्तावनेत विचारलेल्या प्रश्नालाच निष्कर्षात उत्तर मिळते. कोर्टात जाणाऱ्यांनी रोज सकाळी तासभर लिहिण्याचा नेम ठेवावा. ‘सुट्टीत एकदम लिहून काढतो’ म्हणणाऱ्यांची सुट्टी लग्नसराईत जाते.

विद्यार्थ्यांचे सर्वांत कमकुवत लेखन निवाड्यांविषयीचे असते. अपीलकर्ता कोण, त्याने कधी काय केले, खालच्या न्यायालयात काय झाले, अशी दोन पाने, आणि शेवटी ‘न्यायालयाने अपील फेटाळले’. त्यातून वाचकाला काहीच मिळत नाही. वर आलेल्या थलप्पलम निवाड्याबद्दल या प्रबंधात लिहायचे तर ते असे लिहिता येईल:

‘निबंधकाची देखरेख म्हणजे नियंत्रण नव्हे, या थलप्पलममधील भूमिकेमुळे ऊस उत्पादकाला स्वतःच्याच कारखान्याकडून थकबाकीची माहिती हक्काने मागता येत नाही, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु ज्या अधिकाऱ्याला कायद्याने ती माहिती मागवता येते, त्याच्याकडे अर्ज करण्याचा मार्ग न्यायालयाने खुला ठेवला आहे. त्यामुळे प्रश्न उरतो तो असा: थकबाकीच्या हिशेबाबाबत साखर आयुक्तांना हा अधिकार कोणत्या तरतुदीने मिळतो?’

यात घटनाक्रम जवळजवळ नाही. निवाडा आपल्या प्रश्नाच्या कामाला लावला आहे, आणि परिच्छेद पुढच्या परिच्छेदाकडे नेतो. दहा निवाडे असे लिहिले तर ते पन्नास निवाड्यांच्या यादीपेक्षा भारी पडतात.

प्रबंध मराठीत लिहिण्याची परवानगी असेल आणि तसे लिहायचे ठरले, तर दोन गोष्टी पाळाव्यात. परिभाषेसाठी भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश हाताशी ठेवावा आणि एकदा निवडलेला शब्द शेवटपर्यंत बदलू नये. टंकलेखन युनिकोडमध्येच करावे. जुन्या फॉन्टमधील मजकूर साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येत नाही आणि नंतर रूपांतर करताना जोडाक्षरांची वाट लागते. निवाड्यांची यंत्राने केलेली मराठी भाषांतरे समजून घेण्यासाठी वाचावीत, अवतरण मात्र मूळ इंग्रजी पाठावरूनच घ्यावे.

तळटीपा आणि साम्य तपासणी

ब्लूबुक, ऑस्कोला की इंडियन लॉ इन्स्टिट्यूटची पद्धत, हे विभागाने ठरवलेले असते. नसेल तर मार्गदर्शकांना विचारून एक निवडावी आणि पहिल्या पानापासून तीच वापरावी. नमुना म्हणून: थलप्पलम सर्व्हिस को-ऑपरेटिव्ह बँक लि. वि. केरळ राज्य, (२०१३) १६ एससीसी ८२. यापुढे परिच्छेद क्रमांकही द्यावा. लिहिता लिहिताच तळटीप घालावी. ‘नंतर भरतो’ म्हणून ठेवलेल्या जागा शेवटी कोणत्या पुस्तकाच्या होत्या ते आठवत नाही.

वाङ्मयचौर्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम लागू आहेत. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. दहा ते चाळीस टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. चाळीस ते साठ टक्क्यांना वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. साठच्या वर नोंदणीच रद्द होते. संदर्भसूची, अनुक्रमणिका, आभार, योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणे आणि कायद्यांचे पाठ मोजणीतून वगळले जातात, पण सॉफ्टवेअर ते आपोआप वगळेलच असे नाही. तरतुदींचे लांब उतारे परिशिष्टात न्यावेत आणि मजकुरात नेमके शब्द तेवढे उद्धृत करावेत. शब्दांची अदलाबदल करून टक्का खाली आणून देणारे लोक झेरॉक्सच्या दुकानाशेजारी सापडतात. त्यांच्या हातून गेलेल्या प्रबंधात ‘कलम’ चे ‘परिच्छेद’ झालेले असते आणि परीक्षकाला ते पहिल्याच पानावर दिसते.

सादर करणे आणि तोंडी परीक्षा

बाइंडिंगला देण्याआधी प्रतिज्ञापत्र, मार्गदर्शकाचे प्रमाणपत्र, साम्य तपासणीचा अहवाल, निवाड्यांची सूची आणि संक्षेपांची यादी जागेवर आहेत का, ते पाहावे. शिवणीच्या बाजूचा समास दीड इंच तरी असावा. मार्गदर्शकांची सही शेवटच्या दिवशी मिळेल असे धरून चालू नये. त्या आठवड्यात ते दुसऱ्या विद्यापीठात परीक्षक म्हणून गेलेले असू शकतात.

तोंडी परीक्षेत सहसा तीन दिशांनी प्रश्न येतात: हाच प्रश्न का घेतला, ही पद्धत का वापरली, आणि तुमच्या निष्कर्षाच्या विरोधात जाणारा निवाडा कोणता. तिसऱ्याची तयारी फार थोडे जण करतात. विरोधी निवाडा आपणच आधी सांगून तो का वेगळा ठरतो हे स्पष्ट केले, तर पुढची चर्चा आपल्या बाजूने वळते. सूचनांच्या प्रकरणावरही प्रश्न येतातच. ‘शेतकऱ्यांमध्ये जनजागृती करावी’ अशी सूचना केली असेल तर ती कोणी, कोणत्या खर्चातून करावी, याचे उत्तर नसते. ‘वसुली प्रमाणपत्राच्या नमुन्यात व्याजाचा स्वतंत्र रकाना ठेवावा’ या सूचनेचे उत्तर तुमच्याच परिशिष्टात असते.

आपली प्रत सोबत न्यावी, मुख्य निवाड्यांच्या पानांवर खुणेच्या चिठ्ठ्या लावाव्यात, आणि छापल्यानंतर सापडलेल्या चुकांचे एक पानी शुद्धिपत्र परीक्षकांनी विचारण्याआधी त्यांच्या हातात द्यावे. प्रबंध सादर झाल्यानंतर एखादा नवा निवाडा आला असेल, तर त्याची एक ओळही त्याच पानावर खाली लिहावी.